कुत्रं कुणी धरलं होतं?

मंगळवार पेठेतली चिमणाबाईंची पिठाची गिरणी एवढीशी, पण भिंती बघाल तर आढ्यापर्यंत फोटो. तेही देवांचे नव्हेत. जुने, स्टुडिओत काढलेले, वरून कुंचल्यानं रंगवलेले. प्रत्येकात एक पोर आणि एक कुत्रं. पोराचे गाल गुलाबी, टोपीला पिवळी जर, कुत्र्याच्या गळ्यात हिरवा पट्टा, मागं अर्धवट पुसलेला तांबडा पडदा. घराघरांत नव्या तऱ्हेचे फोटो लागले तसे लोकांनी हे भंगारात घातले, आणि चिमणाबाई ते भंगारवाल्यांकडून वेचून आणत राहिल्या.

पेठेनं त्याचा अर्थ काय लावावा? बाईला मूलबाळ नाही, म्हणून दुसऱ्यांची पोरं टांगलीत! दळण घेऊन आलेल्या बाया वर चुकचुकायच्या. नवऱ्यामागं एकटीनं गिरणी चालवली, दळायच्या दगडांना स्वतःच्या हातानं टाकी घातली, ते कुणाला दिसलं नाही. दिसली ती फक्त रिकामी कूस. चिमणाबाईंचं डोकंच फिरायचं.

"पोरं कोण बघतंय गं?" त्या खेकसायच्या. "मी कुत्र्याच्या मागं बघते!"

कुत्र्याच्या मागं काय असणार, असं तुम्हालाही वाटेल. तर ऐका. चिमणाबाईंचा धाकटा भाऊ गणपत चार वर्षांचा असताना वडील दोघांना घेऊन फोटो काढायला गेले. दोघांना म्हणजे, गणपतला फोटोसाठी आणि चिमणीला त्याचं नाक पुसायला. स्टुडिओवाल्याचं एक फाटक्या कानाचं कुत्रं होतं, ते तो हौसेनं पोरांच्या शेजारी बसवायचा. पण ते कुत्रंच, एका जागी बसतंय कुठलं? मग चिमणीला मागं उकिडवं बसवलं, डोक्यावरून काळं कापड टाकलं आणि सांगितलं, हे घट्ट धर, हलू द्यायचं नाही. कुत्र्यानं मनगट ओरबाडलं, तरी पोरीनं धरलं. पण दहा वर्षांची पोर ती. जन्मात पहिल्यांदा फोटो निघत होता. ऐन वेळी तिनं कापड सारलं आणि मान वर काढली.

फोटो छापून आला तर कुत्र्याच्या डोक्यावरून ही टकामका बघतेय! वडील स्टुडिओवाल्यावर उखडले. "पोराच्या फोटुत ही अवदसा कशाला? पुसून टाका तिला." रंगवणाऱ्यानं तिच्यावर तांबडा पडदा रंगवला. कुत्रं मात्र ठेवलं. परक्याचं कुत्रं घरच्या भिंतीवर चढलं आणि घरची पोरगी गेली पडद्यात. आहे का नाही कमाल?

वडिलांच्या पश्चात तो फोटो गणपतरावांच्या शाहूपुरीतल्या दुकानात, गादीच्या वर लागला. चिमणाबाई तो मागायच्या आणि गणपतराव हसण्यावारी न्यायचे.

"आक्का, तू न्हवतीसच तिथं. सपान पडलंय तुला."

वडिलांचा राग त्यांनी एक वेळ गिळला असता. पण ज्याच्यासाठी कुत्र्याची नखं सोसली, त्यानंच तोंडावर म्हणावं, न्हवतीस? हे त्यांना फार लागलं.

पुढं एकदा भंगारवाल्याच्या ढिगात त्यांना तेच फाटक्या कानाचं कुत्रं दिसलं, दुसऱ्याच कुणाच्या पोराशेजारी. फोटो घरी आणून त्यांनी धूळ पुसायला ओलं फडकं फिरवलं, तर पडद्याचा तांबडा रंग फडक्याला आला. आणि कुत्र्याच्या मागून एक पोरगी निघाली. कुणाची कोण, डोक्यावरचं कापड घसरलेलं, डोळे घट्ट मिटून कुत्रं धरून बसलेली. चिमणाबाईंनी फोटो उजेडाला धरला. आपण एकट्याच नव्हतो तर! तिथून हा फोटो गोळा करण्याचा नाद लागला. सगळ्यांत पोरी निघाल्या नाहीत. काहींत नुसती भिंत निघाली. पण जिथं जिथं पोरगी निघाली, तो फोटो त्यांनी दाराच्या समोर लावला.

अठ्ठ्याहत्तर साली गणपतरावांची साठी आली. बालपणीचा फोटो मांडवात लावायचा होता, पण काचेआड बुरशी धरलेली. गणपतराव फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः गिरणीत आले.

"आक्का, तुझा हात बसलाय ह्या कामात. तेवढा साफ करून दे की."

"देते. पण पडदा बी पुसणार. आधीच सांगते."

"पूस की! भिंत निघंल मागं," गणपतराव हसले आणि पोत्यावर टेकले.

पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं, डबे लावून बाया उभ्या होत्या. चिमणाबाईंनी कापूस भिजवला. फोटोची काच काढून बाजूला ठेवली. पडदा पुसला जाऊ लागला. आधी कुत्र्याच्या पोटाभोवती दोन हात निघाले, बारके, बांगड्यांचे. मग कपाळ. मग डोळे. दहा वर्षांची चिमणी समोर बघत होती.

गणपतरावांचं हसू मावळलं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. चिमणाबाई थांबल्या. एक "चुकलं" एवढंच हवं होतं त्यांना, अर्धं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"आक्का," गणपतराव म्हणाले, "आता हा मांडवात कसा लावायचा? पावणं इचारतील, ही कोण म्हणून."

चिमणाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या कुत्र्याचं कुणी इचारलं का रं आजवर, हे कोण म्हणून? दुकानात डोक्यावर घेऊन बसलास त्याला! आणि माझं इचारतील? इचारू देत की! सांग त्यास्नी. न्हाईतर असं कर, आधी हितंच सांग. ह्या सगळ्या बायास्नी सांग. ही कोण?"

गणपतरावांनी डब्यांच्या रांगेकडं पाहिलं. बाया टक लावून बघत होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यांदा सांग!" चिमणाबाई ओरडल्या. "गिरणी चालू हाय."