ओढून न मोजणारे पारसभाऊ

आमच्या मासिकात ज्या बाईची हकीकत छापायची, तिला ती आधी पारसभाऊ फोनवरून वाचून दाखवायचे. बायांचे साक्षरता वर्ग चालवणाऱ्या जळगावच्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात खिडकीशी उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून. एक वाक्य वाचलं की थांबायचे आणि विचारायचे, "बराबर शे का, माय?" पलीकडून होकार आला की मगच पुढचं वाक्य. दोन पानांना कधी तास लागे.

पारसभाऊ राजस्थानातून आलेल्या जैन घरातले. तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. घरात मारवाडी, आमच्याशी मराठी, पण अहिराणी त्यांच्याइतकी गोड आमच्यात कुणालाच येत नव्हती. खेड्यांतून लुगडी घ्यायला येणाऱ्या बायांकडून ते ती शिकले होते. दुकान पुतण्याच्या हाती दिलं आणि ते आमच्याकडे संपादनाला येऊ लागले, बिनपगारी. "साडी विकायला आधी अर्धा तास ऐकावं लागतं," म्हणायचे. "तेवढं ऐकलं की बाई स्वतःच सांगते, तिला काय पाहिजे."

मी भुसावळहून रोज येणारी उपसंपादक. संस्थेनं मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून मजकूर उतरवणारं आणि त्याचा लेख करून देणारं एआयचं साधन घेतलं, तेव्हा भाऊ विरोध करतील असं मला वाटलं होतं. उलट सगळ्यांत आधी तेच शिकायला बसले. तीन दिवसांचं उतरवण्याचं काम दुपारपर्यंत झालेलं पाहून खूश झाले. पण बायांची नावं, गावं त्यात घालायची नाहीत असं त्यांनी बजावलं. "एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्या दुकानात सांगत नाहीत." आणि मसुद्याला एआयची मदत घेतली असेल तर तसं पानाखाली छापायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

पहिला तयार लेख वाचून त्यांनी दोन ओळींखाली पेन्सिल ओढली. "कापड छान आहे, पण ओढून मोजलंय."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. काही दुकानदार मोजताना कापड ताणून धरतात. दुकानात मीटर भरतो, घरी गेल्यावर कमी पडतो. "बाई बोलली तेवढंच माप," ते म्हणाले.

पुढे एकदा भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अंकाची जबाबदारी माझ्यावर आली. त्यात साक्रीकडच्या एका गावातल्या सुमनबाईंची हकीकत होती. त्यांची दहावीतली मुलगी तापानं गेली. त्यानंतर पन्नाशीच्या सुमनबाई आमच्या साक्षरता वर्गात यायला लागल्या. मसुद्यात एक वाक्य होतं, 'मुलीच्या जाण्याचं दुःख विसरून त्यांनी नव्या उमेदीनं पाटी हातात घेतली.' खरं सांगायचं तर मला ते वाक्य फार आवडलं. मी फोन केला नाही. अंक छापायला गेला.

आठवड्यानं वर्ग घेणाऱ्या ताईंचा फोन आला. सुमनबाईंच्या गल्लीत कुणीतरी अंक मोठ्यानं वाचला होता. पोरीला विसरली, असं बाया बोलू लागल्या होत्या. सुमनबाईंनी वर्ग सोडला होता.

डोळ्यावर काळा चष्मा लावून भाऊ मला घेऊन निघाले. धुळ्याला गाडी बदलताना मी म्हणाले, "भाऊ, ते मी नाही लिहिलं. एआयनं लिहिलं."

"हो ना," ते म्हणाले. "पण छापायला कुणी पाठवलं?" त्यानंतर साक्रीपर्यंत ते दुसरंच बोलत राहिले, कांद्याबद्दल, नातीबद्दल. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

सुमनबाईंनी पाणी दिलं, पण बसल्या नाहीत. भाऊंनी त्यांना विचारून मोबाइलवर मुलाखतीचं रेकॉर्डिंग लावलं. सुमनबाईंचा आवाज आला. "ती गयी. तिनं दप्तर राही गयं." मग काहीच नाही. लांबून एक मोटारसायकल गेली, शेळी ओरडली. बऱ्याच वेळानं पुन्हा आवाज, "मंग मी शाळाले लागनू."

भाऊंनी मोबाइल बंद केला. मध्ये त्या काही बोललेल्या नव्हत्या. त्या रिकाम्या जागेत आम्ही वाक्य घातलं होतं.

"चूक आमनी शे," भाऊ हात जोडून म्हणाले. मीही हात जोडले.

"मी काहीच इसरनू नई, भाऊ," सुमनबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग आत जाऊन त्यांनी ते दप्तर आणून दाखवलं. त्यातल्या वह्यांवर मुलीचं अक्षर होतं, शेवटच्या वहीत मागच्या पानांवर त्यांचं.

दुरुस्ती पहिल्या पानावर छापायची म्हटल्यावर आमचे संचालक बिचकले. देणगीदार काय म्हणतील, ही त्यांची काळजी. भाऊ म्हणाले, "खराब निघालेला माल दुकानदार परत घेतो. त्यानं दुकान बसत नाही." दुरुस्ती छापली. खाली माझं नाव, त्याखाली त्यांचं. सुमनबाई दोन महिन्यांनी वर्गात परतल्या. मासिकाशी मात्र पुन्हा बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी भाऊंची बायको, आमच्या वहिनी, वारल्या आणि मुलगा भाऊंना सुरतेला घेऊन गेला. स्टेशनवर आम्ही सगळे होतो. भाऊंनी मला डब्याच्या दाराशी बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. नंतर फोनवर त्यांना ऐकू येईनासं झालं. मी बोलायची, ते "हां, हां" म्हणत राहायचे. कामात अडले की आजही हात फोनकडे जातो.

यंदा थंडीत ते गेले. मी सुरतेला घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा रोज इथल्या उधना भागातल्या भाजीबाजारात जाऊन बसायचे. भाजी घ्यायचे नाहीत. तिथं खानदेशातल्या बाया आहेत, म्हणायचे. ऐकू येत नव्हतं, तरी जायचे."

मी त्या बाजारात गेले. वांगी विकणाऱ्या एका बाईनं विचारलं, "कोठेन उनी, माय?"

"जळगावहून."

"आमना एक शेठ बी जळगावना. महिना झाया, दिसत नई. बरा शे ना?"

मी सांगितलं. तिच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. मग शेजारचा उलटा ठेवलेला क्रेट तिनं पदरानं पुसला.

"आठेच बसे तो," ती क्रेटकडे बोट दाखवून म्हणाली.

मी बसले.