बोंडूच्या चाळीस बाटल्या

काजूची बी काढून घ्यायची आणि उरलेले रसाळ बोंडू झाडाखाली कुजू द्यायचे, नाहीतर दारूच्या भट्टीला घालायचे, ही आमच्या गावाची रीत. मला तिचा संताप यायचा. त्र्याऐंशी साली मी सायक्लोस्टाईल पत्रक काढलं: 'बोंडू भट्टीला देऊ नका! रस काढा! बाटलीत भरा! बूच घट्ट लावा!' बाविशीत होते. उद्गारचिन्हांवर माझा फार विश्वास होता.

पत्रक मनावर घेतलं एकट्या शेजारच्या काकांनी. बोटीवरची नोकरी सोडून ते नुकतेच घरी आले होते. सगळ्या हंगामाचे बोंडू पिळून त्यांनी चाळीस बाटल्या भरल्या. मे महिन्यात गुहागरच्या बाजारात नेणार होते. तेवढ्यावर गप्प बसायचं, तर एसटीच्या थांब्यावर सांगत सुटले, "विलायतेत सफरचंदाची सायडर प्यायलो होतो, अगदी तश्शी झालीय!"

विलायती म्हटल्यावर आमचं दारूबंदी महिला मंडळ त्यांच्या अंगणात हजर. मीही त्यातलीच.

"दारू निघाली तर सगळ्या फोडणार," मंडळाच्या अध्यक्ष काकी म्हणाल्या.

"फोडा की! हिच्या कागदावरून केलंय सगळं. हिलाच चाखू दे. आणि बाय, दहापैकी मार्क दे हो."

त्यांनी बूच काढलं. फट्‌ करून ते थेट तुळशीपाशी गेलं. पेला भरला. पिवळसर रंग, वर बारीक फेस. घोट घेतला. आधी गोडी, मग जिभेला बारीक टोचणी, आणि बोंडूचा तो घसा धरणारा तुरटपणा जेमतेम उरलेला. इतकं चांगलं काही मी आयुष्यात प्यायले नव्हते. दुसरा घोट घेतला, तपासणीसाठी. पेला संपला तेव्हा माझे कान गरम झाले होते.

"काय गो? बोल ना!"

मी बोलायच्या आत काकींनी बशी मागवली. आमची पद्धत ठरलेली होती: पकडलेला माल बशीत ओतायचा, काडी लावायची, निळी ज्योत आली की मडकी फोडायची. काकींनी काडी लावली. चुरर्र झालं, विझली. दुसरी लावली. तीही विझली.

"नाय पेटत. सरबतच हाय," काकींनी निकाल दिला. "उगाच हो भाऊजी, तुमच्या जिवाला घोर!"

काका हसले. बायका पदर सावरून उठल्या. मी गप्प राहिले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "पेटत नाही, पण चढते. मला चढलीय."

उठलेल्या बायका पुन्हा बसल्या. काका माझ्याकडे वळले. "कागदात होतं तसंच केलं गो मी. रस काढला, भरला, बूच घट्ट लावलं."

खरं होतं ते. आधी रस उकळून घ्या, नाहीतर तो बाटलीत आंबतो, हे मी लिहिलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं! बोंडू पिळलेला मी जन्मात पाहिला नव्हता. भट्टीवाल्यांवर मात्र पानभर आग ओकले होते. चूक माझी आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती, आणि ती नुसती लाजेने नव्हे.

फोडायला काकांनी कोणाला हात लावू दिला नाही. एकेक बूच स्वतः काढून ते बाटल्या माडाच्या आळ्यात ओतू लागले. मी शेजारी बसून रिकाम्या बाटल्या रांगेत लावत होते.

वर न बघता त्यांनी विचारलं, "मार्क किती?"

"नऊ."

त्यांनी पुढची बाटली उचलली.