ओढणीआड उभी असलेली पोरं

कॉलेजच्या गेटातून पोरं घोळक्यानं बाहेर पडताना दिसली की एक जुनी घटना मला अजून आठवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं. मीच निवृत्तीनंतर बी.ए.ला नाव घातलं आहे. लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी वऱ्हाडी मुलखातल्या मालेगाव तालुक्यात एका पोलीस ठाण्यात होतो. दुपारी ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीमागे पोरं एकाला उघडं करून अंगावर पाणी ओतत आहेत, रॅगिंग चाललं आहे. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. पोहोचेपर्यंत तो पोरगा बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात पोहोचला होता. नेणारी तीच पोरं होती. कॉलेजात विद्यार्थ्यांनीच चालवलेलं प्रथमोपचार पथक होतं, त्यातली.

डॉक्टरांनी विषबाधा सांगितली. मेडशी गावाकडून आलेले त्याचे वडील ठाण्यात येऊन बसले. पोरांनी छळलं, काहीतरी पाजलं, गुन्हा दाखल करा, याशिवाय ते दुसरं बोलेनात.

पथकातल्या चौघांना मी वेगवेगळं बसवून विचारलं. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला फवारणीच्या औषधाचा वास होता, म्हणून कपडे काढून अंग धुतलं. चौघांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं. असं झालं की पोलिसाला ते पढवलेलं वाटतं. ते पढवलेलंच होतं, पण प्रशिक्षणात; हे लक्षात यायला मला वेळ लागला. पथकाची प्रमुख दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. ती म्हणाली, "गुन्हा लागला तं घरचे माहं कॉलेज बंद करतीन, साहेब. पण म्हणून मले येगळं काही सांगता येत नाही."

एवढ्यात हवालदारानं कोणीतरी काढलेला मोबाईलचा व्हिडिओ आणला. दोन पोरं त्याचं अंग धूत होती. ही मुलगी आणि तिची मैत्रीण ओढण्या ताणून आडोसा करून उभ्या होत्या, दोघींची पाठ पोराकडे. छळ करणारा माणूस पाठ फिरवत नाही, त्याला मजा बघायची असते. इथे हसत होते ते ओढणीबाहेर जमलेले बघे.

"पाठ काहून केली होती?" मी तिला विचारलं.

"उद्या त्याले आमच्याच वर्गात बसाचं हाय, साहेब."

पथकानं त्याचे कपडे पिशवीत गाठ मारून डॉक्टरांकडे दिले होते. ती पिशवी दवाखान्यातून मागवून मी वडिलांसमोर उघडली. कॉलेजचा सदरा निघाला आणि त्याच्यासोबत दुसरा, जुना, अजून दमट. खोलीत उग्र वास पसरला.

"हा फवारणीचा हाय," वडील म्हणाले. "सकाळी सोयाबीन फवारलं त्यानं. एसटी चुकीन म्हणून त्याच्यावरच कॉलेजचा सदरा चढवला. पण दरसाल फवारते तो, त्याले काय होते?"

ओल्या सदऱ्यातलं औषध सकाळपासून पोराच्या अंगात मुरत होतं, हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं.

संध्याकाळी पोरगा शुद्धीवर आला. त्यानंही तेच सांगितलं, कोणी काही पाजलं नव्हतं. वडिलांनी तक्रार दिली नाही. जाताना त्यांनी त्या मुलीला गाव विचारलं आणि म्हणाले, "तुह्या घरी कोणी काही म्हनलं तं मले बोलाव, बाई. मी येतो सांगाले."

फोन करणाराही खोटं बोलला नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. नोकरीभर मी बघणाऱ्यांचे जबाब घेतले. ज्यांनी बघायचं टाळलं, त्यांनाही कारण विचारावं लागतं, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.