तळव्यांना कळणारी चाहूल

आईला ऐकू येईनासं झालं, तेव्हा बाबांनी हॉलमधल्या फरश्या काढून सागवानी फळ्यांची जमीन करायचं ठरवलं. दुकानात आई एकेका नमुन्यावर अनवाणी उभी राहिली आणि तिने बाबांना मागून चालायला लावलं.

"हीच घ्या. तुम्ही आलात की तळव्यांना कळतं," ती म्हणाली.

सुताराने फळ्या बसवल्या. पुढच्याच पावसाळ्यात बाबा गेले.

काल मी आईकडे गेलो. हॉलमध्ये दाराकडे पाठ करून ती घड्या घालत उभी होती. माझी पावलं पडताच हसत वळली, आणि मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"तू होय! मला वाटलं, हे आले."

बाबांची चाल माझ्या पायांत आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. तिला जवळ घ्यायचं होतं, पण पुढचं पाऊल टाकवेना.