बायकांचं कपाट

काल वाचनालयात एका अमेरिकन कादंबरीकार बाईची पुस्तकं मला पाककृतींच्या शेजारी सापडली. तीस वर्षं लिहिते आहे ती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांवर कादंबऱ्या, तुरुंगांवर आणि बंद पडलेल्या कारखान्यांवर निबंध. आणि आमच्याकडे तिची पाचही पुस्तकं ‘महिला विभाग’ अशी चिठ्ठी डकवलेल्या कपाटात, लोणची आणि रांगोळीच्या मध्ये!

माझं डोकंच फिरलं. “हिला इथे कोणी ठेवलं?” मी ग्रंथपालांना विचारलं.

“बाईंनी लिहिलंय ना, सर? मग तिथेच जाणार,” ते शांतपणे म्हणाले. “आपली पद्धतच आहे तशी.”

पद्धत! युद्धावर पुरुषानं लिहिलं की ते साहित्य, आणि बाईनं आयुष्य घालवून लिहिलं तरी तिचं कपाट आधीच ठरलेलं. मी पाचही पुस्तकं त्यांच्या टेबलावर आपटली.

नोंदीसाठी त्यांनी एकेका पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे तारखांचे शिक्के होते आणि पाचही पुस्तकांत एकाच सभासदाचा क्रमांक.

“ही सगळी वहिनींनी, म्हणजे तुमच्या मिसेसनी नेली होती की,” ते म्हणाले. “दुसरं कोणी हातच लावत नाही.”

म्हणजे ही पुस्तकं आमच्या घरी आठ-आठ दिवस राहून गेली होती. काय वाचतेस, असं मी तिला कधी विचारलं होतं का, ते आठवून पाहिलं. आठवलं ते एवढंच, “तुझं ते बायकांचं वाचून झालं असेल, तर जरा चहा टाक.”