अक्काचं गाणं

बीदरच्या बसस्टँडपासून जनवाड्यापर्यंत त्या दहा-पंधरा वर्षांत कुणालाही जे काही नवं गाणं आवडलं, ते आमच्या भाऊजींच्या परवानगीनं आवडलं. हे मी कौतुकानं सांगत नाही, माझं दुकान त्यांच्या कॅसेटींच्या दुकानाला लागून होतं म्हणून सांगते. लोकांना वाटायचं, हे गाणं आपणच निवडलं. मेंढरांनाही वाटतच असतं की वाट आपण निवडली. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं, त्यामुळे कळप न ओरडता कसा वळवायचा हे भाऊजींच्या रक्तातच असावं. फक्त त्यांच्या हातात काठीऐवजी पेन्सिल असायची, कॅसेटची निघालेली फीत गुंडाळायला. ते आमच्या ह्यांचे मावसभाऊ. उंच, हाडकुळे, डाव्या कानात कायम कापसाचा बोळा. उजवा कान गाण्याला आणि डावा गिऱ्हाइकाला, अशी त्यांनी वाटणी केली होती. आणि गिऱ्हाइकाचं बोलणं थोडं गाळूनच घेतलेलं बरं असं त्यांचं मत होतं.

तेव्हा कॅसेटी स्वस्त झाल्या होत्या आणि टेप घरोघर आले होते. कुणाचा भाऊ सौदीला गेलेला, कुणाचा मेहुणा भिवंडीला, आणि सुट्टीवर येताना प्रत्येकाच्या काखेत एक टेप. घरात टेप आला तरी त्यावर काय लावायचं हा प्रश्न उरतोच, आणि तिथून भाऊजींचं राज्य सुरू व्हायचं. हैदराबादहून नव्या कॅसेटींचं खोकं आलं की ते त्यावरची चित्रं बघत नसत, नावं वाचत नसत. स्पीकरचं तोंड रस्त्याकडे करायचे, एकेक कॅसेट लावायचे आणि स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे बघत राहायचे. 'तोंड खोटं बोलतंय वैनी,' ते म्हणायचे, 'पाय न्हाई बोलत.' पाय मंदावला की गाणं पास. समोरच्या न्हाव्याची कात्री तालात पडायला लागली की गाणं पहिल्या वर्गात पास. एकदा अशा पहिल्या वर्गातल्या गाण्यात एका मास्तरांची अर्धी मिशी गेली. मास्तर रागावले नाहीत, दुसरी बाजूही तेवढीच करा म्हणाले आणि दाढीचा साबण पुसून थेट कॅसेट विचारायला आले. एका बाईनं मात्र, हा माणूस माझ्या पैंजणांकडे टक लावून बसतो म्हणून भांडण काढलं. भाऊजींनी हात जोडून सांगितलं की अक्का, दुसऱ्या कडव्याला तुमची चाल बदलली, मी तेवढंच बघितलं. त्यानंतर ती बाई रस्त्याच्या पलीकडून जायला लागली. दुसऱ्या कडव्याला चाल तिथंही बदलायचीच.

कॅसेट नावानं मागणारं माणूस त्यांना आवडत नसे. नाव ठाऊक आहे म्हणजे कुणीतरी सांगितलंय, आणि सांगितलेलं गाणं टिकत नाही, असं ते म्हणत. त्यांच्याकडे येऊन गाणं गुणगुणावं लागे. भल्याभल्यांनी दुकानाच्या फळीसमोर गळा काढलेला मी पाहिलाय. कमठाण्याहून एक म्हातारा धनगर यायचा, खांद्यावर घोंगडी. एकदा त्यानं गिरणीत दळण टाकताना एक गाणं ऐकलं आणि ते त्याच्या डोक्यातून जाईना. मी पायरीवर बसले होते म्हणून त्याला लाज वाटली. तो भिंतीकडे तोंड करून बसला, घोंगडी डोक्यावर घेतली आणि आतून फट्‌फट्‌फट्‌ असा आवाज यायला लागला, मधूनच दोन सूर, पुन्हा फट्‌फट्‌.

'अप्पा, ह्यातली गिरणी काढून गावा,' भाऊजी म्हणाले.

घोंगडीतून उत्तर आलं, 'गिरणी काढली तर मला येत न्हाई.'

भाऊजींनी डोळे मिटून ती सगळी गिरणी ऐकून घेतली आणि बरोबर कॅसेट काढून दिली. म्हाताऱ्याकडे टेप नव्हता. तो कॅसेट घेऊन पुन्हा गिरणीतच गेला.

भाऊजींचा सिद्धांत असा होता की नवं गाणं कुणी शोधत नाही. 'ते कुणाच्या जिपंत, कुणाच्या हाटेलात मानसाच्या अंगावर येतंय. मग आठ दिस मानूस कुठलं हाय, कुठलं हाय करत हिंडतंय. त्या आठ दिसांत त्याला काय बी इका.' म्हणून ते जीपवाल्यांना स्वतः भरलेल्या कॅसेटी फुकट द्यायचे. दोन ओळखीची गाणी, मधे एक अनोळखी, पुन्हा दोन ओळखीची. रोजच्या भाकरीत एखादा नवा ठेचा असावा तसं. आणि त्या अनोळखी गाण्याला चिकटून एक जाहिरात. जाहिरात ते स्वतःच म्हणायचे, मागच्या खोलीत गोधडी पांघरून, म्हणजे रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत. मराठी, कन्नड आणि आपली बीदरी हिंदी अशा तिन्ही भाषा एका दमात. सुरुवात कन्नडमध्ये, 'होस हाडु', म्हणजे नवं गाणं. गाणगापूरला निघालेल्या लातूरकडच्या एक बाई बस बदलायला स्टँडवर उतरल्या होत्या. त्यांनी स्पीकरवरचं ते 'हाडु' ऐकलं आणि दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या बाईला कुत्र्यागत हाड हाड करता का, म्हणून थेट दुकानात येऊन उभ्या राहिल्या. भाऊजींनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. बाई दत्ताच्या पदांची कॅसेट घेऊन गेल्या. ती विकत घेतली की त्यांनी तशीच दिली, हे मी विचारलं नाही.

आता माझं सांगते. आमचे हे पुण्याकडे एका कारखान्यात लागले होते आणि मी इथं 'अक्काची भांडी' नावाचं दुकान टाकलं होतं. ह्यांना ते पसंत नव्हतं. दोन गावांत दोन चुली कशाला, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. शेवटी ठरलं की एक लग्नसराई बघायची. दुकान उभं राहिलं तर राहिलं, नाहीतर मे महिन्यात शटर ओढून पोरीला घेऊन पुण्याला जायचं. मला जायचं नव्हतं. तिथली ती एक खोली मी बघून आले होते. तिथं मी काय करायचं, तर ह्यांचा डबा. पण भांड्याच्या धंद्यात नव्या माणसाला कुणी विचारत नाही. आईनं जिथून घेतली तिथूनच लेक घेते, आणि चौकातल्या जुन्या दुकानातून आया, आज्या, सगळ्यांनीच घेतलेली. संक्रांत झाली, तारखा निघाल्या, आणि मी आपली रोज तेच पितळी हंडे चिंचेनं घासून पुन्हा मांडत होते.

मी भाऊजींना म्हटलं, माझी जाहिरात करा. मजकूर मीच लिहून दिला. स्टील, पितळ, तांबं, रुखवताचा पूर्ण संच, नावं घालून मिळतील, योग्य भाव. भाऊजींनी तो वाचला आणि कागदाची घडी करून डळमळणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातली. एवढं ऐकेपर्यंत जीप उलटंल म्हणाले. त्यांनी गोधडी पांघरली आणि काय म्हटलं ते मला आठ दिवसांनी कळलं. आधी एक नवं गाणं, कुणा बाईनं गायलेलं, खरंच गोड. ते संपलं की भाऊजींचा आवाज: 'कुणी गायलं हे गाणं? सांगतो. बसस्टँडसमोर, अक्काची भांडी!' त्यानंतर जरा थांबून गाणारीचं खरं नाव. बेत असा की नाव ऐकायला लोक कान टवकारून बसतील आणि माझं दुकान आपसूक आत जाईल. बेत चांगला होता. पण जनवाड्याच्या वाटेवर ते गाणं बरोबर गावाच्या तोंडाशी संपायचं. 'अक्काची भांडी' झालं की नाव यायच्या आतच ड्रायव्हर भाडं मागायला टेप बंद करायचा. तेव्हा लोकांच्या कानात राहायचं ते एवढंच: कुणी गायलं? अक्कानं.

पहिल्यांदा दोन बाया आल्या. भांड्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं, माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

'तुमीच का त्या?' एकीनं विचारलं.

'कोण त्या?'

'एक कडवं म्हणा की अक्का. आमी कुणाला सांगत न्हाई.'

आमच्या घरी आरतीला मला फक्त टाळ्या वाजवायला सांगतात. ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. मोठी माणसं असंच म्हणतेत, दुसरी म्हणाली, आणि जाताना एक पातेलं घेऊन गेल्या.

मी तशीच उठून शेजारी गेले. भाऊजी शांतपणे फीत गुंडाळत होते. मी खोटं काय बोललो म्हणाले, नाव पुढं हायच की कॅसेटीत, लोक उतरायलेत त्याला मी काय करू. मग नाव आधी सांगा, मी म्हटलं. त्यावर त्यांनी पेन्सिल थांबवली.

'आधी सांगितलं तर तुमचं दुकान कोण ऐकतंय वैनी?'

मग मी दुसरा मार्ग धरला. येणाऱ्या प्रत्येकीला सांगायचं की मी गात नाही. त्याचा परिणाम उलटा झाला. गाणारी अक्का बघायला येत होत्या त्या आल्याच, शिवाय नाही म्हणणारी अक्का बघायलाही येऊ लागल्या. वाद घालायला ऐसपैस बसायच्या. आणि भांड्याच्या दुकानात बसलेली बाई हात स्वस्थ ठेवतच नाही. तांब्या उचलायचा, टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. चीर गेलेलं भांडं बद्द वाजतं हे आपल्याला आयांनी शिकवलेलं. टिचकी मारून आवाज चांगला निघाला की त्या एकदा तांब्याकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे, जणू तो सूर मीच आत घातला होता. कमठाण्याच्या एका बाईनं तर लेकीचा सगळा संच घेतला. मी पुन्हा बजावलं, बाई, मी गाणारी नव्हे. ती म्हणाली, नसाल, पर ज्या दुकानाचं गाणं हाय तिथली भांडी सासरी नेली तर पोरीचं निदान ऐकून तरी घेतेत.

ठरल्याप्रमाणे मे महिन्यात हे आले. आधी जनवाड्याला आई-वडिलांकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी जिपेनं दुकानात आले. शटर ओढायची बोलणी करायला आले होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण दुकानात बाया होत्या. हे बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसून राहिले. शेवटची बाई पायरी उतरली तेव्हा जरा पुढं सरकले.

'तू गायलीस व्हय?'

'कुणी सांगितलं?'

'सगळी जीप म्हणायली.'

'मग तुमी काय म्हणलाव?'

'म्या म्हणलं, ती माझी बायको हाय.' ह्यांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली. 'मग मला पुढच्या सीटवर जागा दिली.'

दुसऱ्या दिवसापासून हे भांड्यांवर नावं घालायच्या मशीनवर बसले. कारखान्यातला हात, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. शेजारून भाऊजी अधूनमधून डोकवायचे, मशीनची घर्र ऐकायचे आणि ताल बरा हाय म्हणायचे. सुट्टी संपली. बसमध्ये चढताना ह्यांनी मला एकच सांगितलं, मशीनची सुई बदलून घे, बोथट झालीय. पुण्याचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही. भाऊजींना मी त्याबद्दल धन्यवाद दिले असते, पण त्यांनी ते उजव्या कानानं ऐकले नसते. म्हणून मी दर दिवाळीला त्यांना नवा तांब्या द्यायचे. दरवेळी ते टिचकी मारून घ्यायचे.

पुढं मोबाईल आले. नखाएवढ्या कार्डात शेकड्यानं गाणी भरून मिळायला लागली. पोरं सगळं एकदम भरून न्यायची. कुठलं हाय, कुणाचं हाय, असं विचारायची कुणालाच गरज उरली नाही. 'पोतं भरून न्यायलेत वैनी,' भाऊजी म्हणायचे, 'आन् उपाशीच बसायलेत.' ते चिडले नाहीत, त्यांचा स्वभावच चिडायचा नव्हता. फक्त रस्त्याकडे तोंड केलेला स्पीकर असायचा आणि पाय थांबत नसत. मग त्यांच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि तो त्यांना घेऊन गेला. मी इथं राहिले आणि ते गेले, ह्याचं मला बरेच दिवस विचित्र वाटत होतं. त्यांच्या जागी आता रिचार्जचं दुकान आहे. ते चालवणारा मुलगा भला आहे, भाडं वेळेवर देतो.

भाऊजी मधूनमधून फोन करतात, दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. पुण्यात सगळ्यायच्या कानात वायरी हायेत म्हणतात. बसमध्ये शेजारचा मान हलवायलाय, पण कशावर हलवायलाय ते कळत नाही. एकाला विचारलं, काय ऐकायलाव बाबा, तर तो उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसला. परवा असेच बोलत होते आणि इथं माझ्या दुकानासमोर जनवाड्याची जीप भरत होती. तिच्यात एक गाणं लागलं. मी काही त्यातली जाणकार नव्हे, पण भाऊजी बोलता बोलता थांबले. एक बाई कुकर घेऊन दारात उभी होती. तिला थांब म्हटलं, पायरी उतरले आणि फोन हातात उंच धरून जिपेला लागून उभी राहिले, गाणं संपेपर्यंत. मग फोन कानाला लावला.

'कुणी गायलंय?' त्यांनी विचारलं.

मी ड्रायव्हरला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. कार्डात आलंय म्हणाला, कुणी भरलं, कुठून आलं, देव जाणे. आतल्या बायांपैकीही कुणाला सांगता येईना. मी तसं भाऊजींना सांगितलं.

'असू दे,' ते म्हणाले. 'आणखी एकदा लाव म्हणावं.'

जीप भरली होती, ड्रायव्हरचा हात चावीवर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, चावीवरचा हात काढला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आतलं कुणी कुरकुरलं नाही.