चाकं लावलेली होडी

गाडी थांबली, पण गाडीतलं पाणी थांबलं नाही. मी ब्रेक दाबताच ते मागून उसळलं, केबिनच्या बिनकाचेच्या खिडकीतून आत आलं आणि शेजारी बसलेल्या मोटार इन्स्पेक्टर साहेबांच्या मानेवर सांडलं. बोंबलाचं पाणी. सोबत दोन बोंबीलही. त्या धक्क्याने थांबलेली गाडी पुन्हा घसरली आणि रस्त्यावर तिरकी उभी राहिली.

"नापास," साहेब म्हणाले. "ही बॉडी उपटून टाका. सगळ्यांसारखी लावा, मग या."

पिकअप धाकलीबायची. वरसोलीची कोळीण, घरच्या दोन होड्या. लष्कराच्या लिलावात तिने ही गाडी घेतली. त्या काळी अशी गाडी मिळाली की मालकाला नटवण्याची हौस यायची. कुणी दोन सुरांचा हॉर्न बसवी, कुणी पितळी कठडा. अलिबागेत आमच्या गॅरेजात हीच कामं चालत. धाकलीबायनेही हॉर्न घेतला, पिवळे दिवे घेतले, बॉनेटवर होडीसारखा बावटा लावला. बॉडी मात्र तिने भावाकडून करवली. भाऊ होड्या बांधणारा. जन्मात त्याने दुसरं काही बांधलं नव्हतं. त्याने सागवानी फळ्या जोडल्या, फटींत कापूस ठासला, वर राळ आणि तेल चोपडलं. बाहेरचं पाणी आत येणं शक्यच नव्हतं. आतलं बाहेर कसं जाईल, हा विचार होडीवाल्याच्या डोक्यात कशाला येईल? पासिंगला गाडी भरून आणा असा हुकूम होता, म्हणून तिने बर्फ आणि मासळी भरली. साहेब उशिरा आले. तोवर बर्फाचं पाणी झालं होतं.

साहेबांचं चुकलं नव्हतं. ब्रेक मारल्यावर सुटं पाणी पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं. घाटात असं झालं तर गाडी दरीत. पण बॉडी काढा म्हणाले, तिथे माझं डोकं फिरलं.

आमचे मालक तात्या लगेच म्हणाले, "काढ रे. साहेबाशी वाकडं नको. दर महिन्याला आपल्या गाड्या त्याच्याच हाताखालून जातात."

"काढणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"साध्या बॉडीला फटी असतात. मासळीचं खारं पाणी गळतं ते थेट चासीवर, ब्रेकच्या नळ्यांवर." चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. "मागच्या पावसाळ्यात एका ट्रकच्या चासीचा गंज खरवडायला गेलो, तर सांगाड्याचा तुकडाच हातात आला. तुम्हीही बघितलात. या बाईची गाडी मी मुद्दाम तशी करू?"

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," मी म्हणालो आणि पाना उचलला.

धाकलीबाय पदर खोचून उभी होती. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. गाडी पास झाली नाही, तर तिची मासळी याही हंगामात ठेकेदाराच्या ट्रकात जाणार. तो तिचा माल शेवटी भरी आणि तोवर बर्फ संपलेला असे. नरम पडलेली मासळी पोयनाडच्या बाजारात कोण घेणार? त्या ठेकेदाराच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही, एवढ्यासाठी तिने गाडी घेतली होती.

"बाय, तळाला एक भोक पाडू. बूच लावू," मी म्हणालो.

ती उसळलीच. "होरीच्या तळाला भोक? मेल्या, तुजं डोकं ठिकानावर हाय ना?"

"ही होडी नाही, गाडी आहे."

"माज्या भावानं बांधली ना? मंग होरीच. तळाला हात लावायचा नाय!"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने बॉडी बांधताना नारळ फोडला होता. मी म्हणालो, "तळाला नाही, मागच्या फळीला पाडतो. तळ पुढून जरा उचलतो. पाणी मागे जाईल, तिथून नळीने चाकांच्या मागे पडेल."

तिने फळीवर हात फिरवला. "पाठीला चालंल," अखेर म्हणाली. "आनि आत खण कर. आमच्या होरीत खण असतान. पानी पलत नाय."

हे मला सुचलं नव्हतं. भावाने तळाशी बोटभर फट सोडून आडव्या फळ्या ठोकल्या, चार खण केले, मी तळ उचलला, नळी बसवली. दुसऱ्या दिवशीही मी गॅरेजात गेलो. तात्या दाराशी वाट बघत उभे होते. गॅरेजची चावी माझ्याकडेच होती.

पुढच्या पासिंगला साहेब छत्री घेऊन आले. केबिनमध्ये बसले ते छत्री मांडीवर धरून. "मारा ब्रेक," म्हणाले. मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागे उरलेलं पाणी खणातल्या खणात डुचमळलं. साहेब उतरले, वाकून खालची नळी पाहिली, चासीवर बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

"ही बॉडी काढायला सांगितली होती मी."

"सांगितलंस, आयकलं," धाकलीबाय म्हणाली. "कारली नाय."

साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

त्या हंगामात तिची मासळी तिच्याच गाडीतून गेली, कडक बर्फात. वर्षभरात ठेकेदाराचा ट्रक गंजलेली चासी बदलायला आमच्याकडे आला. तात्यांनी त्याला स्वतः सांगितलं, "बॉडी वरसोलीहून करून घ्या."

साहेब चूक दाखवतो तेव्हा गुमान ऐकावं, ती बहुधा खरी असते. ती दुरुस्त कशी करायची, हे मात्र ज्याची गाडी त्याने ठरवावं.